टाच बाहेर

बूट श्टुटगार्टहून आले, मावसभावाचे,
एका नंबरने मोठे.
पुढे कापूस कोंबला तेव्हा कुठे माझे झाले.
तळव्याखाली लाल प्लास्टिकचा खूर,
जिना उतरताना घोडी तबेल्यातून निघाल्यासारखा आवाज.
खालच्या मजल्यावरून अब्रेहेतने डोकं बाहेर काढलं:
"लेतेब्रहान, लग्नाला निघालीस की लढाईला?"

पेडलचं नाव म्हणे क्लिपलेस.
नाव क्लिपलेस, आणि पकड खेकड्याची.
झेरायने, ज्याने तीन मेलेल्या सायकलींतून
माझी एक जिवंत केली,
भिंतीला टेकवून शिकवलं:
बोटं पुढे, दाब, खट्.
आता सुटायचं, तर वर ओढू नकोस,
मागे ओढू नकोस,
घाबरलेलं माणूस हेच दोन करतं.
टाच बाहेर फिरव.
हातात परात असताना कोपराने दार लोटतेस ना,
तसं, पण पायाने.

भिंतीपाशी मी चाळीसदा सुटले.
भिंत हॉर्न वाजवत नाही.

रविवारी, पंख पसरलेल्या त्या जुन्या पेट्रोल पंपापाशी
गाढवाची गाडी आडवी आली.
सायकल थांबली. मी थांबले.
पायांना कोणी कळवलंच नाही.
पडायला इतका वेळ लागतो हे ठाऊक नव्हतं.
शेवटचा घाव बसल्यावर निलगिरी जशी
क्षणभर विचार करते,
तशी मी कलत गेले.
निवडुंगाची बोंडं विकणारा पोरगा बघतोय,
कॅफेतल्या म्हाताऱ्याचा पेला ओठांपाशी थबकलाय,
गाढवसुद्धा मान वळवून.
एवढी साक्षीदार मंडळी, एवढा वेळ,
आणि मला आठवत नाही
कुठल्या बाजूने मोकळं व्हायचं.

पडूनही अडकलेलीच.
उताण्या भुंग्यासारखी, सायकल पोटावर.
पोरगा आला. हात दिला नाही,
हात काट्यांनी भरले होते त्याचे.
"टाच बाहेर," म्हणाला.
म्हणजे अस्मारात हे सगळ्यांना
पाळण्यातच सांगतात,
मलाच सांगायचं राहिलं.

मग मी सायकल नसेल तिथे सराव धरला.
टेलिफोन कचेरीत, टेबलाखाली,
बिल घेऊन कुणी तावातावाने बोलत असताना,
टाच बाहेर.
देवळात, अनवाणी, न संपणाऱ्या प्रार्थनेत
काठीवर रेलून,
टाच बाहेर.
झोपेतही. पांघरूण रोज सकाळी
डाव्या अंगाला गोळा झालेलं.

आमच्यात कॉफीच्या तीन फेऱ्या असतात,
तिसरी होईस्तोवर उठणं बरं दिसत नाही.
आत्याने दाणे भाजले, धूप फिरवला,
दुसऱ्या फेरीला सहज विचारावं तसं विचारलं,
"सगळे गेले. तू का राहिलीस?"
जमिनीवर अंथरलेल्या गवतात
माझी टाच आपोआप बाहेर वळली.
कुणाला दिसलं नाही.
मी उठले नाही.
तिसरा पेला घेतला, त्यात साखर जास्त घातली.

नेफासितहून वर येणारा रस्ता, धुकं इतकं
की पुढचं चाक ऐकावं लागतं.
तिथे एका वळणावर कळलं,
वर येणारा पायही काम करतो.
आजवर तो रिकाम्या हाताने परतत होता,
बाजारातून काहीच न आणणाऱ्या माणसासारखा.
आता येताना काहीतरी घेऊन येतो.
मी हसले असेन. धुक्यात कोण बघतंय.

उतरणीला गुडघ्यावरची खपली गार लागत होती.

आणि काल, त्याच चौकात, पुन्हा गाडी आडवी.
गाढव वेगळं असेल, मला ओळखता येत नाहीत.
खट्.
पाय जमिनीवर होता, माझ्याही आधी.
पोराने बघितलंसुद्धा नाही.
जरा वाईटच वाटलं.
मी पाच बोंडं मागितली,
त्याने सुरीने दोन चिरा देऊन
साल अंगरख्यासारखी उतरवली,
आणि मी तिथेच उभ्याने खाल्ली, बिया थुंकत,
एक पाय रस्त्यावर,
दुसरा अजून पेडलमध्ये.